झ्वोनिमिर : दगडावर कोरलेलं नाव



बचत गटाच्या कामात आमच्या हातातून रोज नावं जातात. हजेरीपटावरची नावं, कर्जाच्या अर्जावरची नावं, जामीनदारांची नावं, ठरावाखालच्या सह्या आणि अंगठे. एखादीचं नाव आधार कार्डावर एक, बँकेच्या पासबुकात दुसरं आणि सातबाऱ्यावर मुळीच नाही, असं झालं की काम अडतं. नाव कुठे लिहिलं, कुणी लिहिलं आणि साक्षीला कोण होतं, यावर किती काय अवलंबून असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणून आज आम्ही एका नावाचा इतिहास सांगणार आहोत. नाव आपल्याकडचं नाही, पार युरोपातल्या क्रोएशिया देशातलं आहे. पुरुषाचं नाव आहे. राजाचं आहे. पण त्या राजाच्या नावाची तिथल्या लोकांना सगळ्यात प्रिय असलेली खूण म्हणजे ना सोन्याचा मुकुट, ना तलवार. ती आहे पडीक जमिनीच्या एका तुकड्याची नोंद. दगडावर कोरलेली, साक्षीदारांच्या नावांसकट.

नाव आहे झ्वोनिमिर.

आधी हा देश कुठे आहे ते पाहू. नकाशात इटली बुटासारखी दिसते. तिच्या पूर्वेला एड्रियाटिक नावाचा समुद्र आहे आणि त्याच्या पलीकडच्या काठावर क्रोएशिया. सगळ्या देशाची लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत आहे. समुद्रात हजाराहून जास्त लहानमोठी बेटं आहेत. राजधानीचं शहर झाग्रेब. फुटबॉलच्या विश्वचषकात लाल-पांढऱ्या चौकड्यांचा शर्ट घालणारा संघ तुमच्या घरातल्या मुलांनी टीव्हीवर पाहिला असेल, तो यांचाच.

तिथली भाषा स्लाव्ह घराण्यातली. या भाषांमध्ये दोन शब्द जोडून नाव करायची जुनी रीत आहे. 'झ्वोन' म्हणजे नाद, घंटेचा आवाज. 'मिर' म्हणजे शांतता. आपल्याकडे यशवंत, जयवंत, बळवंत अशी एका शेवटाची नावं असतात, तशी तिकडे 'मिर' शेवटाची नावं पुष्कळ आहेत : ब्रानिमिर, क्रेशिमिर, त्रपिमिर, तिहोमिर. घरी लाडाने झ्वोनिमिरचं झ्वोन्को किंवा झ्वोने होतं. मुलीसाठी झ्वोनिमिरा असं रूपही आहे.

हे नाव ज्याच्यामुळे गाजलं तो राजा अकराव्या शतकातला. त्याचं पूर्ण नाव दिमितार झ्वोनिमिर. यातलं दिमितार हे ख्रिस्ती नाव, मूळ ग्रीक भाषेतलं. देमेतेर ही ग्रीक लोकांची धान्याची, पिकाची देवी. तिच्या नावावरून दिमितार. म्हणजे राजाच्या एका नावात धान्याची देवी आणि दुसऱ्या नावात घंटेचा नाद.

झ्वोनिमिर हा आधीच्या राजाचा मुलगा नव्हता. तो आधी 'बान' होता, म्हणजे राजाच्या वतीने एका प्रदेशाचा कारभार पाहणारा. त्याची बायको येलेना ही शेजारच्या हंगेरी देशाच्या राजघराण्यातली मुलगी. आधीचा राजा पेतार क्रेशिमिर चौथा याच्यानंतर गादीचा प्रश्न आला तेव्हा झ्वोनिमिर पुढे आला. वडिलांकडून आलेली गादी नसली की माणसाला दुसरा मोठा आधार लागतो. झ्वोनिमिरने तो रोमच्या पोपकडून घेतला. तेव्हा पोप होते ग्रेगरी सातवे. त्यांनी आपला प्रतिनिधी पाठवला आणि १०७६ च्या सुमाराला समुद्रकाठच्या सोलिन गावातल्या चर्चमध्ये झ्वोनिमिरचा राज्याभिषेक झाला. त्याला ध्वज, तलवार, राजदंड आणि मुकुट मिळाला. बदल्यात त्याने पोपशी एकनिष्ठ राहायचं आणि दरसाल दोनशे सोन्याची नाणी द्यायची कबूल केलं.

इथवर ही गोष्ट इतर राजांसारखीच आहे. पण मुकुट घेताना त्याने जी शपथ घेतली तिचा मजकूर आजही उपलब्ध आहे. त्या शपथेपाशी आपण जरा थांबायला हवं.

राजाने कबूल केलं की गरिबांचं, विधवांचं आणि अनाथ मुलांचं मी रक्षण करीन. जवळच्या नात्यातली निषिद्ध लग्नं होऊ देणार नाही. लग्न विधिवत लागेल, अंगठी आणि धर्मगुरूचा आशीर्वाद यांच्यासह, आणि लग्नात ठरलेली वधूची मालमत्ता कायदेशीर धरली जाईल. एकदा लागलेलं लग्न मोडू देणार नाही. आणि माणसांच्या विक्रीला मी विरोध करीन. त्या काळात एड्रियाटिकच्या काठावर माणसांची खरेदी-विक्री चालत असे, म्हणून हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे.

आम्ही हे वाचलं तेव्हा आमच्यात थोडा वाद झाला. एकीने विचारलं, लग्न मोडू द्यायचं नाही हे बाईच्या भल्याचं की तोट्याचं? नवऱ्याने मनात येईल तेव्हा बाईला घराबाहेर काढू नये म्हणून हा नियम असेल, तर तो तिच्या भल्याचा. पण मार खाणाऱ्या बाईलाही तिथेच राहा म्हणत असेल, तर तो तोट्याचा. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. शिवाय शपथ घेणं वेगळं आणि ती पाळणं वेगळं, हे निवडणुका पाहणाऱ्या बायांना कुणी शिकवायला नको. तरी एक गोष्ट उरतेच. साडेनऊशे वर्षांपूर्वी राज्य घेताना विधवा, पोरकी मुलं आणि विकली जाणारी माणसं यांचा उल्लेख करावा लागला. म्हणजे त्यांचे हाल तेव्हाही लोकांना दिसत होते.

आणि झ्वोनिमिर हे म्हणणारा पहिला नव्हता. त्याच सोलिनमध्ये त्याच्या शंभर वर्षं आधी एका राणीला पुरलं होतं. तिचंही नाव येलेना, पण ही वेगळी. ती ९७६ साली वारली. तिच्या थडग्यावरचा लेख १८९८ साली फ्राने बुलिच या धर्मगुरू-संशोधकांना उत्खननात तुकड्या-तुकड्यांत सापडला. ते तुकडे जुळवून लेख वाचला, तर त्यात या राणीला राज्याची आई, अनाथांची आई आणि विधवांची कैवारी म्हटलेलं आहे. राजाची शपथ सगळे सांगतात. पण त्याच गावात, त्याच मातीत, एका बाईच्या थडग्यावर तेच काम आधी लिहिलेलं होतं. हे आम्हाला तुम्हाला सांगावंसं वाटलं.

आता झ्वोनिमिरच्या बायकोचं काय झालं ते ऐका. तिचा मुलगा रादोवान बापाच्या आधीच वारला. १०८९ साली झ्वोनिमिर वारला. मागे येलेना विधवा. गादीवर आधीच्या घराण्यातला स्तेपान नावाचा म्हातारा राजा बसला आणि दोन वर्षांच्या आत तोही गेला. मग येलेनाचा भाऊ, हंगेरीचा राजा लादिस्लाव, १०९१ साली सैन्य घेऊन आला. बहीण इथली राणी, म्हणून राज्यावर हक्क माझा, असं त्याचं म्हणणं. ज्या राजाने विधवांच्या रक्षणाची शपथ घेतली, त्याच्याच विधवेच्या नात्याचा आधार घेऊन दुसऱ्याने राज्य मागितलं. पुढे ११०२ साली हंगेरीचा राजा कोलोमान याला क्रोएशियाचा राजा म्हणून मुकुट घातला गेला. तेव्हापासून १९१८ पर्यंत या देशाचा मुकुट दुसऱ्या देशाच्या मुकुटाला जोडलेलाच राहिला.

आणि या सगळ्या उलथापालथीच्या मधोमध, साधारण ११०० साली, एका बेटावर एक दगड कोरला गेला.

बेटाचं नाव कृक. त्यावर बाश्का गावाजवळ युरांद्वोर नावाची छोटी वस्ती आहे. तिथे संत लुसीचं चर्च आणि मठ होता. संत लुसी ही डोळ्यांची, दृष्टीची राखण करणारी संत समजली जाते. १३ डिसेंबरला तिचा सण असतो. त्या दिवशी क्रोएशियात घरोघरी ताटलीत गहू पेरतात. नाताळपर्यंत तो हिरवागार वाढतो आणि त्याची पूजेसारखी मांडणी करतात. घटस्थापनेचं धान्य डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल.

या चर्चमध्ये पांढऱ्या चुनखडीचा एक मोठा दगड होता. सुमारे साडेसहा फूट रुंद, सव्वातीन फूट उंच, वजन आठ क्विंटलांच्या आसपास. त्यावर तेरा ओळी कोरलेल्या आहेत. लिपी ग्लागोलिती. स्लाव्ह लोकांसाठी नवव्या शतकात तयार झालेली ही लिपी क्रोएशियाच्या लोकांनी इतर कुणाहीपेक्षा जास्त काळ वापरली. या दगडाला 'बाश्काचा शिलालेख' म्हणतात.

त्यात काय लिहिलंय? मठाचा प्रमुख द्रझिहा सांगतो की राजा झ्वोनिमिरने आपल्या हयातीत संत लुसीला जमीन दिली, त्याबद्दल हे मी लिहिलं. जमिनीसाठी जो शब्द वापरलाय तो 'लेदिना'. लेदिना म्हणजे पडीक रान, नांगर न लागलेली जमीन. पुढे साक्षीदारांची नावं आहेत, त्यांच्या हुद्द्यांसह किंवा प्रदेशासह : एक या भागाचा अधिकारी, दुसरा त्या भागातला, तिसरा राजाचा दूत, चौथा बेटावरचाच. मग शाप आहे. जो कुणी हे दान नाकारेल त्याला देवाचा, बारा प्रेषितांचा, चार धर्मग्रंथकारांचा आणि संत लुसीचा शाप लागो. आणि इथे राहणाऱ्याने या दानकर्त्यांसाठी देवाची प्रार्थना करावी. शेवटी दुसरा मठप्रमुख दोब्रोवित सांगतो की मी नऊ बंधूंसह हे चर्च बांधलं, कोस्मात नावाच्या सरदाराच्या काळात.

बघा मैत्रिणींनो, यात काय काय आलं. जमीन कोणती, दिली कुणी, घेतली कुणी, नोंद करणारा कोण, साक्षीदार कोण, नोंद कधीची, आणि कुणी मोडलं तर काय. तलाठ्याकडच्या कागदाला आणखी काय लागतं?

आणि हे दगडावर का लिहिलं? आम्हाला याचं उत्तर त्या काळातच दिसतं. दान देणारा राजा वारला होता. मागे त्याचा मुलगा नव्हता. राज्य कुणाचं हेच ठरलेलं नव्हतं. नवा राजा परक्या देशातला येणार. तो उद्या म्हणाला असता, कुठली जमीन, कुणी दिली, दाखवा. तोंडी शब्द देणाऱ्याबरोबर जातो. म्हणून मठवाल्यांनी तो दगडावर उतरवला, साक्षीदारांची नावं घातली, वर शापाची भीती घातली आणि देवळात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ठेवला. नवरा गेल्यावर दिरांनी 'तुझं इथं काय आहे' म्हणून विचारलेल्या बाईला या दगडाचं मोल आपोआप कळेल.

पुढे हा दगड चर्चच्या फरशीत गेला. लोक त्यावरून चालत होते. १८५१ साली पेतार दुय्मिच या तरुण धर्मविद्यार्थ्याचं त्यावरच्या अक्षरांकडे लक्ष गेलं. झिजलेली अक्षरं वाचायला विद्वानांना कितीतरी वर्षं लागली. वाचल्यावर कळलं की क्रोएशियाच्या लोकांच्या स्वतःच्या भाषेत 'क्रोएशियाचा राजा झ्वोनिमिर' असं यात लिहिलेलं आहे. इतक्या जुन्या काळात आपल्या देशाचं नाव आपल्याच बोलीत, लॅटिनमध्ये नव्हे, हे त्या लोकांना फार मोठं वाटलं. १९३४ साली दगड झाग्रेबच्या विद्या अकादमीत नेला. तो आजही तिथे आहे. युरांद्वोरच्या चर्चमध्ये त्याची प्रतिकृती ठेवलेली आहे.

आता झ्वोनिमिरच्या नावाला चिकटलेली दुसरी एक गोष्ट सांगतो. क्रोएशियातली मुलं ही गोष्ट ऐकत मोठी होतात. म्हणतात, पोपचं पत्र आलं की पवित्र भूमी सोडवायला सैन्य पाठवा. झ्वोनिमिरने क्निन गावाजवळच्या मैदानात पाच चर्चपाशी लोकांची सभा बोलावली. दूर देशात लढायला जायचं म्हटल्यावर लोक खवळले आणि त्यांनी आपल्याच राजाला ठार मारलं. मरता मरता त्याने शाप दिला की यापुढे तुम्हाला तुमच्या भाषेचा राजा मिळणार नाही, तुम्ही परक्यांचे चाकर व्हाल.

गोष्ट अंगावर काटा आणणारी आहे. पण खरी आहे का? इतिहासात हे कसं तपासतात ते पाहा. पवित्र भूमीसाठीच्या पहिल्या मोठ्या युद्धाची हाक पोपने दिली १०९५ साली. झ्वोनिमिर वारला १०८९ साली. मेल्यानंतर सहा वर्षांनी आलेल्या हाकेसाठी तो सभा कशी बोलावेल? दुसरं म्हणजे, तेराव्या शतकात स्प्लिट शहरातल्या तोमा नावाच्या धर्माधिकाऱ्याने या काळाचा इतिहास लिहिला. त्यात राजा वारस न ठेवता वारला एवढंच आहे, खुनाचा शब्द नाही. शापाची कथा नंतरच्या लिखाणात येते. म्हणून बऱ्याच इतिहासकारांना वाटतं की राजा आपल्या मरणाने गेला. पुढची शेकडो वर्षं परक्यांच्या राज्यात काढलेल्या लोकांनी आपल्या दुःखाचं कारण शोधलं आणि ते त्याच्या नावावर मांडलं.

गावातही असंच होतं ना? एखाद्या घरावर संकटामागून संकट आलं की कुणाचा तरी तळतळाट सांगितला जातो. दुःख खरं असतं. कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं.

मधल्या काळात युरोपात संतांची नावं ठेवायची पद्धत रुळली. इवान, पेतार, योसिप, मारिया, आना अशी नावं घरोघर आली आणि झ्वोनिमिर, त्रपिमिर ही जुनी नावं मागे पडली. ती परत आली एकोणिसाव्या शतकात. तेव्हा क्रोएशियात राजकारभार लॅटिन, जर्मन, हंगेरियन या भाषांत चाले. आपली भाषा कचेरीत यावी म्हणून तिथल्या लोकांनी चळवळ केली आणि १८४७ साली त्यांच्या विधिमंडळाने क्रोएशियन भाषेला अधिकृत भाषा केलं. आपल्या भाषेचा अभिमान जागा झाला, तशी मुलांना आपल्या जुन्या राजांची नावं ठेवायची आवड वाढली. चारच वर्षांनी, १८५१ ला, तो दगड उजेडात आला. पाळण्यातलं नाव आणि फरशीतला दगड एकाच काळात वर आले म्हणा ना.

पण मैत्रिणींनो, नावाला हात नसतात. ते कुणी वापरावं हे त्याला ठरवता येत नाही. १९४१ साली जर्मनी आणि इटलीच्या फौजांनी युगोस्लाव्हिया जिंकला. त्यांच्या आधाराने क्रोएशियात उस्ताशा नावाच्या संघटनेची सत्ता आली. या सत्तेने झ्वोनिमिरचं नाव उचललं. 'राजा झ्वोनिमिरच्या मुकुटा'चा कायदा केला, त्या नावाचं पदक काढलं. आणि तो मुकुट द्यायला कुणाला निघाले? इटलीच्या एका राजपुत्राला. त्याने कधी इथे येऊन राज्यही केलं नाही.

हे नाव मिरवणाऱ्या त्या सत्तेने सर्ब, ज्यू आणि रोमा लोकांना छावण्यांत डांबून मारलं. सगळ्यात मोठी छावणी यासेनोवाक. तिथे आज स्मारक आहे. स्मारकाच्या लोकांनी मारल्या गेलेल्यांची एकेक नाव शोधून यादी केली. त्या यादीत ८३ हजारांहून अधिक नावं आहेत. त्यातली २० हजारांहून अधिक नावं लहान मुलांची आहेत. संग्रहालयात काचेच्या पट्ट्यांवर ही नावं लिहिलेली आहेत.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवा. झ्वोनिमिरच्या शपथेत होतं : गरीब, विधवा, अनाथ यांचं रक्षण. त्याचं नाव पदकावर कोरणाऱ्यांनी हजारो विधवा आणि अनाथ केले. कुणी थोर माणसाचं नाव घेऊन काही मागायला आलं की आपण विचारायला हवं : त्या माणसाने कबूल काय केलं होतं, आणि तुम्ही करताय काय? आम्हाला वाटतं, इतिहास शिकायचा तो हा प्रश्न विचारता यावा म्हणून.

त्याच नावाची पुष्कळ चांगली माणसंही झाली. त्यातली चार सांगतो.

पहिले झ्वोनिमिर रोगोझ. हे नट. १८८७ साली झाग्रेबमध्ये जन्मले. पुढे परमुलखात, प्राग शहरातल्या राष्ट्रीय रंगभूमीवर, तिथल्या चेक भाषेत त्यांनी कामं केली. सिनेमातही गाजले. १९८८ साली गेले तेव्हा त्यांनी शंभरी ओलांडली होती.

दुसरे झ्वोनिमिर लेवाकोविच. यांचं काम आपल्या जवळचं आहे. १९४९ साली झाग्रेबमध्ये 'लादो' हा लोकनृत्य आणि लोकसंगीताचा सरकारी संच उभा राहिला. लेवाकोविच त्याचे संस्थापक आणि दीर्घकाळ कलादिग्दर्शक. गावोगावची गाणी, नाच आणि पोशाख त्यांनी रंगमंचावर आणले. खेड्यातल्या बायकांनी घरी विणलेले, भरतकाम केलेले कपडे जगभरच्या रंगमंचांवर गेले. लेवाकोविच यांचं नाव इतिहासात राहिलं आणि ते राहायलाच हवं. पण भरतकाम करणारी बाई कापडावर सही करत नाही. तिची कला दिसते, नाव दिसत नाही. आपल्या गोधड्यांचंही तेच आहे.

तिसरे झ्वोनिमिर यांको. हे गणिती. १९३२ साली ब्येलोवार गावात जन्मले. आधी एका शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. त्यांचा शोध समजायला रांगोळी घ्या. चौकोनी रांगोळी पाव फेरी फिरवली तरी तशीच दिसते, अर्धी फिरवली तरी तशीच, आरशात धरली तरी तशीच. मोजल्या तर अशा आठ रीती होतात. या रीतींच्या समूहाचाही एक हिशोब गणितात असतो. त्यातले काही समूह कुठल्याच ठरलेल्या कुळात बसत नाहीत, एकांडे असतात. असे पाच समूह एकोणिसाव्या शतकात सापडले होते. मग जवळजवळ शंभर वर्षं नवा एकही सापडला नाही. १९६५ साली यांको यांनी एक शोधला. त्यात आठ नव्हे, १,७५,५६० रीती आहेत. आज असे २६ एकांडे समूह माहीत आहेत. त्यातल्या चारांना यांको यांचं नाव आहे. २०२२ साली ते वारले. आडगावच्या शाळेतल्या मास्तरांचं नाव जगाच्या गणितात असं लिहिलं गेलं.

चौथे झ्वोनिमिर बोबान, फुटबॉलपटू. जन्म १९६८, इमोत्स्की गाव. १३ मे १९९० ला झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर तिथला दिनामो संघ आणि बेलग्रेडचा रेड स्टार संघ यांचा सामना होता. युगोस्लाव्हिया तेव्हा फुटायच्या बेतात होता. मैदानात दंगल पेटली. एक पोलीस दिनामोच्या एका प्रेक्षकाला मारत होता. दिनामोचा एकवीस वर्षांचा कप्तान बोबान धावत गेला आणि त्याने पोलिसाला लाथ घातली. त्याच्यावर बंदी आली, त्या वर्षीचा विश्वचषक हुकला. क्रोएशियात मात्र तो वीर ठरला. लोक म्हणाले, त्याने परक्या सत्तेला लाथ मारली. पुढे कळलं की तो पोलीस सर्ब नव्हताच, बोस्नियाचा मुसलमान होता. त्याने नंतर बोबानला माफ केल्याचंही सांगितलं. वर्षभरात युद्ध सुरू झालं आणि १९९५ पर्यंत चाललं.

१९९८ च्या विश्वचषकात नव्या देशाचा कप्तान बोबानच होता. क्रोएशिया पहिल्यांदाच त्या स्पर्धेत खेळत होता आणि त्याने तिसरा क्रमांक पटकावला. त्या संघात आणखी एक झ्वोनिमिर होता, झ्वोनिमिर सोल्दो. खेळ सोडल्यावर बोबान विद्यापीठात गेला आणि त्याने इतिहासात पदवी घेतली. आम्हाला त्याची ही गोष्ट लाथेपेक्षा जास्त आवडली. ज्याच्या एका क्षणाची दंतकथा झाली, त्याने नंतर बसून खरा इतिहास काय असतो ते शिकायचं ठरवलं.

तर असं हे एक नाव. राजाने मुकुटाबरोबर मिरवलं, मठवाल्यांनी जमिनीसाठी दगडावर कोरलं, दुःखी लोकांनी शापाच्या गोष्टीत गुंफलं, आईबापांनी अभिमानाने पाळण्यात ठेवलं, दुष्टांनी पदकावर चढवलं आणि नटाने, नर्तकाने, गणित्याने, खेळाडूने आपापल्या कामाने धुऊन पुन्हा वापरलं. राजाचा खरा चेहरा कसा होता ते आज खात्रीने कुणी सांगू शकत नाही. स्प्लिट शहरात त्या काळातलं एक कोरीव शिल्प आहे, त्यात मुकुट घातलेला राजा बसलेला दिसतो. पण तो झ्वोनिमिर की त्याच्या आधीचा राजा, यावर आजही वाद आहे. मुकुट हरवला, राज्य गेलं. पडीक रानाच्या दानाची नोंद तेवढी राहिली, कारण कुणीतरी ती नावानिशी, साक्षीदारांनिशी लिहून ठेवली.

येत्या बैठकीत एक करून बघा. वसुली झाली, हप्ते लिहून झाले की दहा मिनिटं काढा. प्रत्येकीने आपल्या नावाची गोष्ट सांगायची. नाव कुणी ठेवलं, लग्नात बदललं का, बदललं तर आधीचं काय होतं. आणि मग दुसरा प्रश्न : तुझं नाव कुठे कुठे लिहिलेलं आहे? घराच्या उताऱ्यावर आहे का? शेताच्या सातबाऱ्यावर आहे का? नसेल तर कुणाला विचारायचं, कोणते कागद लागतात, हे पुढच्या बैठकीच्या विषयात घाला. सचिवबाईंनी ते इतिवृत्तात लिहावं आणि खाली दोघींनी साक्षीदार म्हणून सह्या कराव्यात. आपल्याला आठ क्विंटलांचा दगड लागत नाही. शंभर पानी वही पुरते, पण ती लिहायला हवी.

आज इथेच थांबतो. पुन्हा भेटू. नमस्कार.